पहिली दोन मिनिटं बघताना

मास मीडियाच्या मुलांना हल्ली फिल्म ओपनिंगचा प्रोजेक्ट सर्रास मिळतो. अख्खी फिल्म करायची नाही. कधीच न बनणाऱ्या फिल्मची फक्त सुरुवात करायची, टायटल्ससकट. केंब्रिज बोर्डाच्या एएस लेव्हल (ए लेव्हलच्या आधीचा टप्पा) मीडिया स्टडीजमध्ये तर हे मार्कांच्या कोर्सवर्कमध्येच आहे: नव्या कथापटाची दोन मिनिटांची सुरुवात. मी धंद्याने एडिटर. कंपन्यांच्या फिल्म्स कापून घर चालतं, आणि पुण्यातल्या एका कॉलेजात व्हिजिटिंगला जाऊन मी ही ओपनिंग्ज बघते. नुकतेच पास झालेले सीनियर्स किंवा पहिल्यांदाच शिकवायला आलेली मंडळी शेजारी बसलेली असतात. फिल्म संपून दिवे लागले की त्यांच्याकडून हमखास एक वाक्य येतं: "छान आहे, फक्त पेसिंग जरा स्लो वाटलं." आता या वाक्याचं त्या पोरांनी करायचं काय? पुढचं सगळं या मंडळींसाठी.

पहिल्यांदा बघताना हातात पेन नको. मोठा स्क्रीन, बरे स्पीकर, खोलीत अंधार, आणि मधे पॉज नाही. ही फिल्म काय आहे हे माहीत नसताना ती बघायची संधी तुम्हाला एकदाच मिळते. दुसऱ्या वेळेपासून तुम्ही तपासनीस होता. त्यामुळे पहिल्या वेळी एवढंच लक्षात ठेवायचं, की कुठे सावरून बसलो आणि कुठे घड्याळाकडे नजर गेली. कथा आधी मुलांकडून ऐकून घेऊ नका. ती हमखास सांगायला येतात ("मॅम, ॲक्चुअली यात ना तो मुलगा आधीच मेलेला असतो"), त्यांना प्रेमाने गप्प करा. कथा ऐकलीत की पडद्यावर नसलेलंही तुम्हाला दिसायला लागतं.

दुसऱ्यांदा बघताना पेन घ्या आणि टाइमकोड लिहा, म्हणजे फिल्मच्या कितव्या मिनिट-सेकंदाला काय झालं ते. "साउंडवर काम करा" ऐकून मुलं मान डोलावतात आणि घरी जातात. "०:३८ ला दोघं बोलतात तेव्हा पंख्याची घरघर आहे, ०:४१ ला कट झाल्यावर ती अचानक बंद होते, म्हणून कट कानाला बोचतो" हे ऐकलं की ती तिथल्या तिथे लॅपटॉप उघडतात. टीका दोन्हीकडे तीच आहे, पण दुसऱ्या वाक्यावर काम सुरू करता येतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. चौघांचा ग्रुप होता, थ्रिलर करायचं म्हणत होते. अलार्म वाजतो, हिरो उठतो, दात घासतो, चहा पितो, जिना उतरतो, स्कूटर काढतो. स्कूटरवरचे शॉट बरेच, कारण कॅमेरावाल्याला ते आवडले होते. १:२० च्या सुमाराला तो आपल्या किराणा दुकानापाशी येतो, शटरचं कुलूप उघडायला जातो, किल्ली फिरत नाही. दोनदा प्रयत्न करतो, कुलपाकडे बघतो, मग ते उघडतं. शटर वर. आत जमिनीवर एक लिफाफा. लिफाफ्यावर झूम, धडाम असा आवाज, टायटल.

शेजारी बसलेला नवा शिक्षक म्हणाला, "अलार्मने सुरुवात फार घिसीपिटी आहे." खरं होतं. मुलांचे चेहरे उतरले आणि दिग्दर्शक मुलगी लगेच बचावाला उभी राहिली: त्याचं आयुष्य किती कंटाळवाणं आहे ते दाखवायचं होतं वगैरे. अशा वेळी वाद घालत बसू नये. मी मला काय दिसलं तेवढं सांगितलं. "पहिलं एक मिनिट मला कळलं की हा माणूस रोजच्यासारखा कामाला निघालाय. ते मला दात घासतानाच कळलं होतं. १:२४ ला किल्ली फिरली नाही तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले. वाटलं, रात्री कोणीतरी कुलूप बदललंय. लिफाफा आला तेव्हा मी अजून कुलपाचाच विचार करत होते."

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. मग कॅमेरावाला म्हणाला, "मॅम, ते कुलूप खरंच अडकलं होतं. काकांचं दुकान आहे, गंजलंय ते. दुसरा टेक घ्यायला वेळच नव्हता, म्हणून तसंच ठेवलं."

त्यांच्या फिल्ममधला सगळ्यात चांगला क्षण त्यांच्या स्क्रिप्टमध्ये नव्हता आणि तो तिथे आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. मी "अलार्म काढा" म्हणाले नाही, "कुलपापासून सुरू करा" असंही नाही. विचारलं, "लिफाफा नसता तर?" पुढच्या आठवड्यात आले तेव्हा काळ्या पडद्यावर अलार्मचा आवाज होता, तो थांबला आणि पहिलाच शॉट कुलपात फिरत नसलेल्या किल्लीचा. लिफाफा गायब. स्कूटरचा एक शॉट मात्र उरला होता, बहुधा ग्रुपमध्ये तह झाला असावा. पार्श्वसंगीत कमी करा असंही मी सुचवलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. नाही ऐकलं तर नाही ऐकलं.

कौतुकसुद्धा टाइमकोड लावून करायचं, ते याच कारणासाठी. "किल्लीचा शॉट छान" असं कोणी बोललंच नाही, तर पुढच्या कटमध्ये लांबी कमी करताना नेमका तोच उडालेला असतो.

बोलायचा क्रम काय असावा यावर अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये एक पद्धत बसवली. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग करणाऱ्याने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी, प्रश्नात मत न दडवता. आणि मत अगदी शेवटी, तेही "अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?" असं विचारून. वर्गात हे तंतोतंत पाळायला गेलं तर नाटकी वाटतं, आपल्याकडे तर जास्तच. परवानगी मागितल्यावर पोरं "नको" म्हणूच शकत नाहीत, समोर सर-मॅडम बसलेत! पण तिसरी पायरी सोन्यासारखी आहे. "इतका अंधार का ठेवलास?" हा प्रश्न नाही, ते रागावणं आहे. "या खोलीत मला काय दिसायला हवं होतं?" हा प्रश्न. त्याचं उत्तर देता देता मूल स्वतःच म्हणतं, "अय्या, भिंतीवरचा फोटो दिसतच नाहीये की."

ओपनिंगबद्दल एक गोष्ट वेगळी तपासावी लागते: ही खरंच सुरुवात आहे का? निम्मे ग्रुप दोन मिनिटांत गोष्ट संपवून टाकतात, शेवटी ट्विस्टसकट. काही जण ट्रेलर करतात, सगळे भारी शॉट एकापुढे एक. ते तोंडी समजावत बसू नका. फिल्म संपली की वर्गात चिठ्ठ्या वाटा आणि प्रत्येकाला एकच ओळ लिहायला सांगा: पुढे काय होईल? चिठ्ठ्या ग्रुपच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. थ्रिलर म्हणून केलेल्या ओपनिंगवर "मुलगी भेटेल, मग लग्नाला घरचे विरोध करतील" असं पाच जणांनी लिहिलं, की संगीत चुकलंय हे तुम्हाला सांगावं लागत नाही. बऱ्याच चिठ्ठ्यांवर "काही नाही, संपली ना?" असं आलं तर शॉर्टफिल्म झालीये.

संगीताबद्दल मी मुलांना 'टच ऑफ इव्हिल'चा (१९५८) किस्सा सांगते. सुरुवातीला तीन मिनिटांहून लांब सलग शॉट आहे, गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा त्या गाडीच्या मागे-पुढे गावभर फिरतो. स्टुडिओने त्यावर टायटल्स चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत लावलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांना तिथे टायटल्स नको होती, आणि रस्त्यावरच्या दुकानांतून, गाड्यांच्या रेडिओतून येणारे आवाज हवे होते. स्टुडिओचा कट बघून त्यांनी ५८ पानांचं टिपण लिहून दिलं. १९९८ मध्ये एडिटर वॉल्टर मर्च यांनी त्या टिपणाच्या आधाराने फिल्म पुन्हा कापली, तेव्हा तो शॉट टायटल्सशिवाय दिसला. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ दाखवा. संगीताची ही चर्चा मग तुमच्याशिवायही रंगते. फीडबॅक देणाऱ्यालाही त्या टिपणातून शिकण्यासारखं आहे. हातातून फिल्म गेलेला माणूस, पण आदळआपट नाही. प्रसंग घेतो, काय बदलावं सांगतो, का ते सांगतो. अर्थात ५८ पानं तुम्ही लिहू नका.

तुम्ही किती लिहायचं, हे काम कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं. रफ कट, म्हणजे एडिटिंगचा कच्चा खर्डा असेल आणि शूटला अजून एक दिवस हातात असेल, तर शॉट कमी पडतोय हे सांगण्यात अर्थ आहे. उद्या सबमिशन असेल तर तेच सांगणं म्हणजे निव्वळ छळ. तेव्हा फक्त कट, आवाज आणि टायटल्स यांवर बोला. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरताना दिसले, तर पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवा की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवायचा. या वेळी ते निस्तरणं अवघड आहे, सोडून द्या. आवाजाचं मात्र शेवटच्या रात्रीही बरंच काही करता येतं. शूट झालेल्या खोलीत पंखा तसाच ठेवून अर्धा मिनिट गप्प बसायचं, तो नुसता आवाज रेकॉर्ड करायचा आणि कटच्या जोडांखाली पसरायचा. एवढ्यानेच ओपनिंग निम्मं सुधारतं, हे मी पैजेवर सांगते.

बोर्डाच्या मार्कांसाठीचं काम असेल तर शिक्षकाने किती मदत करायची याचे नियम असतात. ते आधी वाचा, नाहीतर उत्साहाच्या भरात तुम्हीच त्यांची फिल्म कापून बसाल.

टायटल्स बघायला विसरू नका, मुलंही ती शेवटच्या रात्रीच करतात. एकाच मुलाचं नाव सहा पाट्यांवर आलं तर वर्ग हसतो आणि थ्रिलरचा जीव जातो. मराठीत टायटल्स करणाऱ्यांना वेगळाच ताप. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट नीट बसला नाही की जोडाक्षरं फुटतात, 'दिग्दर्शक'मधल्या 'ग'चा पाय मोडलेला लोंबकळतो आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. एक्स्पोर्ट झालेली, म्हणजे शेवटी बाहेर काढलेली फाइलच तपासायला सांगा, सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर बरोबर दिसलेलं एक्स्पोर्टमध्ये बिघडू शकतं. शुद्धलेखनाची चूक मात्र तुम्ही दुरुस्त करून देऊ नका. "०:५२ च्या पाटीवर एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, शोधा" एवढं लिहून पाठवा.

आणि पाठवा त्याच रात्री. तीनच मुद्दे, पहिला जे काढू नये त्याबद्दल, चौघांनाही एकत्र. एकट्या एडिटरला पाठवलंत तर उरलेल्या तिघांना तो त्याच्या सोयीचं तेवढंच वाचून दाखवतो. एडिटरच्या जातीची आहे मी, मला माहीत आहे.