आपल्या मनातला देव कसा ओळखावा

‘तुमचा देव कसा आहे?’ असे विचारले, तर सांगली-साताऱ्याकडचा माणूस बहुधा कुलदैवताचे नाव सांगतो: पालचा खंडोबा, शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव, मांढरदेवची काळूबाई. हे उत्तर खोटे नसते, पण ते घराण्याचे असते. प्रत्येकाने त्या नावाआड स्वतःचा असा एक देव नकळत घडवलेला असतो आणि वही-पेन घेऊन बसले, तर तो ओळखता येतो. त्यासाठी चार-पाच निवांत संध्याकाळी राखून ठेवाव्यात.

पहिल्या संध्याकाळी देवाचे चित्र काढावे. मनोविश्लेषक आना-मारिया रिझुटो आपल्या अभ्यासात लोकांना देवाचे आणि कुटुंबाचे अशी दोन चित्रे काढायला सांगत. मूल देवाची प्रतिमा मुख्यतः आईवडील आणि जवळची माणसे यांच्या अनुभवातून घडवते, असे त्यांनी १९७९ मध्ये मांडले. आपण चित्र काढू लागलो की हातातून आधी कॅलेंडरवरचा देव उतरतो. तो उतरू द्यावा आणि मग दुसरा कागद घ्यावा. या दुसऱ्या चित्रात आपण स्वतः कुठे उभे आहोत आणि देवाचे तोंड कोणीकडे आहे, एवढे नीट पाहावे.

त्यानंतर लहानपणी कानावर पडलेली वाक्ये आठवून लिहावीत. ‘देव बघतोय’, ‘देवाला आवडणार नाही’, ‘देव काळजी घेईल’ यांपैकी कोणते वाक्य कोणी म्हटले आणि कोणत्या आवाजात, हेही शेजारी नोंदवावे. माझ्या वहीत ‘बघणारा’ देव वडिलांच्या आवाजात बोलत होता, तर ‘देणारा’ देव म्हणजे गणपती मंदिरातून बाहेर पडल्यावर माझ्या तळहातावर खडीसाखर ठेवणारा आजीचा हात होता. या दोघांना मी इतकी वर्षे एकच समजत होतो.

खरी ओळख पटते ती संकटाच्या आठवणीत, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या रात्री आई गच्चीवरून हात जोडून थेट नदीलाच म्हणत होती, ‘माई, आता माघारी फिर.’ मी स्वतःला देव न मानणारा समजत होतो, पण जिन्याच्या किती पायऱ्या अजून कोरड्या आहेत हे मी मनातल्या मनात कोणाला तरी सांगत होतो. मागत काहीच नव्हतो, फक्त सांगत होतो. आपण काय मागितले यापेक्षा आपण कोणाला सांगत होतो, आणि तो ऐकणारा रागीट होता, दूरचा होता की शेजारी बसलेला होता, हे लिहून काढावे. आजारपण, कर्ज किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू अशा कोणत्याही प्रसंगाला हाच प्रश्न लावता येतो.

एवढे झाल्यावरच थोरांचे विचार वाचावेत. आधी वाचले, तर आपले उत्तर त्यांच्या शब्दांत झाकले जाते. सज्जनगडावरच्या समर्थ रामदासांनी मूर्ती, अवतार, अंतरात्मा आणि निर्विकार परब्रह्म अशी देवाची चार रूपे सांगितली आहेत. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण, त्या महात्मा फुले यांनी निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानला आणि त्याच्या व माणसाच्या मध्ये कोणी मध्यस्थ नको, हा विचार १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजातून रुजवला. साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध करत राहिले. आपली नोंद यांपैकी कोणाच्या जवळ जाते आणि कुठे वेगळी पडते, ते प्रामाणिकपणे पाहावे. ‘माझ्या मनात देव नाही’ असे उत्तर आले, तर तेही तितक्याच आदराने लिहावे.

शेवटी ‘माझा देव म्हणजे’ असे सुरू करून एकच वाक्य लिहावे आणि खाली तारीख घालावी. शक्य असल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांनाही त्यांचे वाक्य विचारावे, मात्र ते दुरुस्त करू नये. वर्षभराने वही पुन्हा उघडल्यावर जुने वाक्य पटले नाही, तरी ते खोडू नये. त्याच्या खाली नवे लिहावे.