आश्रयाला आलेल्या मुलांना मैदानावर आणताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात आश्रय मागायला आलेल्या मुलांना जवळपासच्या खेळाच्या क्लबांत नेऊन सोडायचं काम मी सहा वर्षं करतोय. अफगाण, सुदानी, इरिट्रियन, इराण-इराकमधले कुर्द. बहुतेक पंधरा ते अठराची, बरीचशी आईवडिलांशिवाय आलेली. मदतीला आपले मराठी लोकही येतात आणि मनापासून येतात. पण दर नव्या माणसाकडून त्याच त्या चुका होतात आणि त्यांची किंमत मुलं मोजतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्ता देऊन मोकळं होणं. ‘शनिवारी दहाला ये’ म्हणायचं, फोनवर नकाशा पाठवायचा, आणि मुलगा आला नाही की ‘त्यालाच आवड नाही’ असा शेरा मारायचा. मीही हेच केलं होतं. सोळा वर्षांचा एक अफगाण मुलगा, डावखुरा फिरकी गोलंदाज, टेनिसच्या चेंडूला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून गल्लीत शिकलेला. त्याला पत्ता दिला. तो आलाच नाही, असं कोचनं कळवलं. पुढच्या आठवड्यात भेटल्यावर खरं कळलं. तो पंधरा मिनिटं आधीच पोचला होता. मोठं फाटक बंद, आत मुलांचा सराव चाललेला, आणि फाटकाशी पिवळं जाकीट घातलेला एक माणूस उभा. बाजूचं छोटं दार त्याला दिसलं नाही. जाकीटवाल्याला विचारायचं धाडस झालं नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक सीमेवर अशाच माणसांनी त्याला हाकललं होतं. पाऊण तास कुंपणाला धरून उभा राहिला आणि चालत परत गेला.

तेव्हापासून पहिल्या तीन वेळा मी स्वतः आणायला जातो. सोशल वर्करला आधी कळवतो. डीबीएस, म्हणजे माझ्या गुन्हेगारी नोंदींची सरकारी पडताळणी, झालेली असतेच. दाराशी जायचं, बरोबर बस पकडायची, छोटं दार दाखवायचं, कोचशी नावानं ओळख करून द्यायची, स्वच्छतागृह कुठे तेही सांगायचं. चौथ्यांदा बसस्टॉपवर भेटायचं. पाचव्यांदा तो एकटा येतो. एका शनिवारात दहा मुलं ‘लावून’ द्यायची घाई असलेल्यांना हे वेळखाऊ वाटतं. मला एकच मुलगा पूर्ण सीझन खेळलेला हवा असतो.

‘फुकट आहे’ हा शब्दही जपून वापरा. क्लबची फी माफ असते, बसचं तिकीट नसतं. मोठ्या माणसाच्या एकेरी तिकिटाची मर्यादा जानेवारी २०२५ मध्ये २ पौंडांवरून ३ झाली. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत सहसा काम करायची परवानगी नाही. स्वतः रांधून खाणाऱ्या कुटुंबाला सरकारी भत्ता माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड, म्हणजे दिवसाला सात. आई किंवा बाप लहानग्याला सोडायला आला तर जाऊन-येऊन सहा गेले. सरकार ज्यांना हॉटेलात ठेवून जेवण देतं, त्यांचा भत्ता आठवड्याला दहा पौंडांच्याही आत. म्हणून मी क्लबकडे बॅटच्या आधी बसभाडं मागतो.

आपल्या लोकांची एक खास चूक आहे, हिंदी. पाकिस्तानात निर्वासित म्हणून राहिलेल्या अफगाण मुलांना उर्दू येतं, त्यामुळे पाच मिनिटांत गट्टी जमते आणि आपल्याला फार बरं वाटतं. त्याच वेळी शेजारी बसलेल्या इरिट्रियन मुलाची भाषा तिग्रिन्या असते, त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. तो गप्प होतो, मग बाजूला बसतो, मग येईनासा होतो. मैदानावर मी मोडकं इंग्रजी आणि हातवारेच वापरतो. आणि कुणा एका मुलाला सगळ्यांचा दुभाषी बनवू नका, त्यालाही खेळायचं असतं.

गणपतीच्या कार्यक्रमात एका मंडळानं अशाच एका मुलाला रंगमंचावर बोलावलं. ‘हा होडीतून समुद्र पार करून आला’, अशी ओळख करून दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बोलणाऱ्याच्या मनात मायाच होती, पण मुलगा खाली मान घालून शर्टाचं बटण पिळत उभा होता. प्रसादाला थांबला नाही आणि नंतर दोन महिने माझे फोन उचलले नाहीत. कसा आलास, घरी कोण असतं, हे विचारू नका. तो आपणहून सांगेल तेव्हा ऐका, आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवा. ‘हा आमचा लेग-साइडचा फील्डर’ एवढी ओळख पुरते.

फोटो टाकू नका. मागे राहिलेल्या घरच्यांना त्यानं धोका होऊ शकतो.

कागदावर जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर केक आणू नका. नेमकी तारीख माहीत नसली की बऱ्याचदा हीच लिहितात. वयावरून थट्टा तर अजिबात नको; कित्येकांच्या वयाचा वाद अजून सुटलेला नसतो.

फॉर्मवर ‘पालकांची सही’ या रकान्यापाशी मुलाला एकटं सोडू नका. सही कोण करणार हे सोशल वर्करकडून आदल्या दिवशीच ठरवून घ्या.

रमजानमध्ये सरावाची वेळ ठरवण्याआधी मुलांना विचारा.

आणि बदली. थोड्याशा पूर्वसूचनेवर मुलं दुसऱ्या शहरात हलवली जातात. ‘गेला बिचारा’ म्हणून यादीतलं नाव खोडू नका. तिथला क्लब शोधून मी स्वतः फोन करतो आणि मुलाजवळ कोचच्या सहीचं पत्र देतो. काय खेळतो, किती सामने झाले, बुटाचा नंबर काय. तो डावखुरा गेल्या वर्षी गेला. त्याच्या पत्रात गोलंदाजीच्या आकड्यांच्या वर मी एक ओळ लिहून घेतली होती: पहिल्या दिवशी याला घ्यायला कुणीतरी फाटकाबाहेर उभं राहा.