जुन्या कमांडचं नाव बदला, पण कुणाची स्क्रिप्ट मोडू नका

मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तेव्हा गोंधळलेल्या प्रवाशाला शेजारचा माणूस सांगायचा. रात्री दोनला चालणाऱ्या क्रॉन जॉबला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला, सांगणारं कुणी नसतं. म्हणून जुनं नाव चालूच राहिलं पाहिजे.

नवं नाव दुसऱ्या कुठल्या पॅकेजने घेतलेलं नाही ना, ते बघा. बायनरी (प्रोग्रॅमची चालणारी फाइल) नव्या नावाने बसवा, जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) तिच्याकडे वळवा. ‘बॅशआरसीत एलियास टाका’, म्हणजे शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कमांडचं टोपणनाव लिहा, हा सल्ला मात्र ऐकू नका. क्रॉन ती फाइल वाचत नाही. सिमलिंकऐवजी शेल रॅपर (खरा प्रोग्रॅम सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट) लिहिणार असाल, तर शेवटची ओळ एक्झेकचीच हवी, म्हणजे रॅपरच्या जागी खरा प्रोग्रॅम येतो. नाहीतर प्रोग्रॅम थांबवणाऱ्या किल कमांडचा सिग्नल रॅपरला लागतो आणि खरा प्रोग्रॅम मागे चालत राहतो.

आता सूचना. ‘हे नाव जुनं झालं, नवं वापरा’ ही एक ओळ छापणं निरुपद्रवी वाटतं, आणि माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच फिरलं आहे. स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे कमांडचा निकाल जातो त्या प्रवाहावर, ती कधीच छापू नका, पाइपमधल्या पुढच्या कमांडला ती डेटाच वाटते. स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका आणि सूचनांच्या वेगळ्या प्रवाहावर, छापली की सुटलो, असंही नाही. कित्येक स्क्रिप्ट दोन्ही प्रवाह एकत्र करून वाचतात, आणि क्रॉन तर काहीही छापलं गेलं की मेल पाठवतो. मजकूर शोधणाऱ्या ग्नू ग्रेपच्या ३.८ आवृत्तीने २०२२ मध्ये ईग्रेप आणि एफग्रेप या तिच्या जुन्या कमांडवर अशीच सूचना सुरू केली, आणि स्टँडर्ड एरर रिकामा असेल असं धरून चालणाऱ्या चाचण्या फेल होऊ लागल्या. कमांड आपलं काम बरोबर करत होती, तरीही!

सूचना फक्त माणसाला दिसली पाहिजे. स्टँडर्ड एररला टर्मिनल जोडलेला असेल तरच छापा, आणि ती बंद करायला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा. एक्झिट कोडला (काम जमलं की नाही सांगणाऱ्या आकड्याला) हात लावू नका. ‘लोकांना त्रास झाल्याशिवाय ते बदलत नाहीत’ म्हणणाऱ्यांशी मी साफ असहमत आहे. त्रास स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला होत नाही, रात्री फोन उचलणाऱ्याला होतो.

सेटिंगची कॉन्फिग फाइल आधी नव्या जागी शोधा, नसेल तर जुन्या. मॅन पेजही (कमांडच्या माहितीचं पान) दोन्ही नावांनी उघडू द्या.

मॉनिटरिंग जुन्या नावाने प्रोसेस शोधत असेल, तर तिथे दोन्ही नावं टाका. रॅपरमधून एक्झेक झालेली प्रोसेस नव्या नावाने दिसते.

जुनी सिमलिंक कधी काढायची? मी काढत नाही. तिला जागा लागत नाही.