पहिल्या प्रेमाची कादंबरी कुणाला सुचवायची तर कशी
"लव्हस्टोरी आहे" असं आधी सांगूच नका. जळगावला भरीत पार्टीत मी मामेभावाला तसं बोलून गेलो, सगळे त्यालाच चिडवायला लागले अन् पठ्ठ्याने पुस्तक हातातच नाही घेतलं.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' द्या. २००४ ची आहे, आणीबाणीतला नववीचा जोशी, वर्गातली शिरोडकर, ट्यूशनच्या वाटेवर नुसतं तिला बघायला मिळावं म्हणून चाललेली धडपड... बस, एवढंच सांगायचं, शेवट तोंडातून काढायचा नाही! अकरावी-बारावीवाल्याला द्या, नववीच्या पोराला आपल्यावर पाळत ठेवलीय वाटतं.

अन् भुसावळ पॅसेंजरला बसवतानाच हातात टेकवा, नेटवर्क गेलं की पानं उलटतात. परत मात्र मागू नका, माझी कॉपी धुळ्याला गेली ती गेलीच.