टेकडीवरच्या कॉलेजात ॲडमिशन झाली, आता ये-जा कशाने?

नागपूरकराला चढाची सवय नसते. रामटेकचा गड आणि वर्षातून मोजक्याच दिवशी उघडणारा सीताबर्डीचा किल्ला सोडला, तर आपलं आयुष्य सपाटच. त्यामुळे सेमिनरी हिल्सवरच्या एका कॉलेजात भाचीची ॲडमिशन झाली आणि फी भरायच्या आधी घरात गाडीवरून वाद पेटला. ताई म्हणाली, स्कूटी घेऊन टाकू. भाऊजी म्हणाले, "स्कूटी कायले पायजे? सायकल घे, तब्येत राहील." मी म्हटलं, आधी एकदा चक्कर मारून येऊ, मग पैसे काढा.

तीच तयारीतली पहिली गोष्ट. चक्कर रविवारी संध्याकाळी गार वाऱ्यात मारायची नाही, कॉलेजच्या दिवशी आणि कॉलेजच्या वेळेला मारायची. पाठीवर खरी बॅग हवी: लॅपटॉप, डबा, दोन बाटल्या पाणी, म्हणजे पाचेक किलो वजन झालंच. गेटवर वॉचमनला पहिला प्रश्न हा विचारा की गाडी कुठपर्यंत जाते. आमचा अर्धा वाद तिथेच मिटला, कारण विद्यार्थ्यांचं पार्किंग खाली, गेटला लागून, आणि वर्ग टेकडीच्या माथ्यावर. म्हणजे स्कूटी घ्या, सायकल घ्या नाहीतर ऑटोने या, आतला चढ पायीच चढायचा. हे कॉलेजच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यात फोटो मात्र माथ्यावरून काढलेले.

आता तो चढ मोजून घ्या. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा सांगितला, तो आजही चालतो: ताशी साधारण पाच किलोमीटर धरा आणि दर दहा मीटर उंचीला एक मिनिट वाढवा. आतलं अंतर एक किलोमीटर आणि चढ तीस मीटर असेल, तर बारा अधिक तीन, पंधरा मिनिटं. उंची कशी कळणार? रस्त्यावर सरळ फळी ठेवा, तिच्यावर फोन ठेवून त्यातलं लेव्हलचं ॲप बघा. तीन अंशाचा कल म्हणजे साधारण 5 टक्के चढ, शंभर मीटर चाललात की पाच मीटर वर. पायऱ्या असतील तर मोजा. पंधरा-सोळा सेंटीमीटरची एक धरली तर साठ पायऱ्यांत तीन मजले होतात. दोन तासिकांमधली सुट्टी दहा मिनिटांची आणि लॅब दुसऱ्या टोकाला, असं असेल तर वेळापत्रक हातात आल्यावर हाच हिशेब पुन्हा करा.

सायकल आत नेऊ देत असतील तर मी सायकलच्याच बाजूचा, पण डोळे उघडे ठेवून. स्वार, सायकल आणि बॅग मिळून 75 किलो वजन धरा. 5 टक्के चढावर ताशी दहा किलोमीटरने जायचं तर नुसतं वजन वर उचलायलाच शंभरेक वॅट लागतात. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला वीस-पंचवीस वॅटमध्ये भागतं. म्हणून बिनगिअरची काळी सायकल इथे नको. तिचं एक पायडल मारलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि चढावर मांड्या भरून येतात. पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र साधारण सारख्या दात्यांचं असलेली गिअरची सायकल बघा. दुकानात सगळे गिअर बघतात, ब्रेक कोणी बघत नाही. चढावर फार तर उतरून ढकलाल, उतारावर ती सोय नाही. पावसात रिम ओली झाली की रबरी ब्रेक उशिरा धरतात, तेव्हा आधीपासून हलके दाबत उतरायचं. डिस्क ब्रेक असतील तर उत्तमच.

स्कूटीचं गणित वेगळं. 110 सीसीच्या गाडीला 18 वर्षं पूर्ण लागतात, आणि बारावी होऊन आलेली पुष्कळ मुलं जुलैत सतराचीच असतात. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर पक्क्यासाठी तीस दिवस थांबावं लागतं, तेही धरा. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही, पण तिच्यावर मैत्रिणीला मागे बसवून टेकडी चढायची स्वप्नं बघू नका. (आमच्या आईची लुना आठवते. चढ आला की ती पायडल मारून इंजिनाला हातभार लावायची.) पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे काका प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांचं ऐकायचं नाही.

बस, ऑटोबद्दल थोडकंच. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला भेटतात, टेकडीवर एकही जात नाही. शेवटच्या टप्प्याला शहराची 'आपली बस' किंवा ऑटो लागणारच. बस शेवटची किती वाजता, हे कंडक्टरलाच विचारून ठेवा.

आणि ऊन. जुलैत पावसाच्या गारव्यात घेतलेला निर्णय एप्रिलच्या परीक्षेत फिरतो. पारा 44-45 वर असताना दुपारी दोनला डांबरी चढ चालणं आणि सकाळी आठला चालणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. कडुनिंबाची सावली कोणत्या बाजूला आहे ते आत्ताच बघून ठेवा, लांबची वाट परवडली. डोक्याला, कानाला पांढरा सुती दुपट्टा, बॅगेत मीठ-साखरेचं पाणी, आजीने दिलाच तर खिशात कांदाही. पावसाळ्यासाठी छत्री नको, टेकडीवर वारा तिला उलटी करतो. रेनकोट घ्या, आणि घट्ट धरणाऱ्या तळव्याचे सँडल, कारण शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत चप्पल टिकत नाही.

भाचीचं ठरलं ते असं: गेटपर्यंत बस, आत पायी, वर्गात कोरडे मोजे. डिसेंबरात तिला अठरा पूर्ण होतील. स्कूटीचं तेव्हा बघू, असं ताई म्हणते. भाऊजींनी तोवर माळ्यावरची सायकल खाली उतरवून ठेवली आहे.