सकाळी आखडणारा जबडा मालिशने कसा सुटला

सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, कानशिलं ठणकतायत, जांभई दिली की कानापुढे ओढ बसते. उशी बदलली, शेक घेतला, जेड रोलर (चेहऱ्यावर फिरवायचा गुळगुळीत दगडी रोलर) फिरवला. रोलरने गाल तेवढे गार झाले. वैताग आला होता.

उपयोग झाला तो चावण्याच्या स्नायूवर थेट दाब देण्याचा. हा स्नायू गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत जातो. दात आवळले की बोटांखाली टणक फुगवटा लागतो, तोच. झोपण्याआधी चेहरा धुऊन बदाम तेलाचे तीन-चार थेंब बोटांवर घ्यायचे (मुरमं येत असतील तर खोबरेल नको, रंध्रं बुजतात). मग ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दात आवळलेले राहिले तर पुढचं सगळं फुकट. दोन बोटं गालाच्या हाडाखाली टेकवून सावकाश जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत ओढायची, पाच-सहा वेळा. दुखरी गाठ लागेल तिथे वीसेक सेकंद नुसतं दाबून धरायचं, चोळायचं नाही. शेवटी कानशिलांवर हलक्या हाताने गोल गोल.

जबडा अडकत असेल किंवा दात झिजलेले दिसत असतील तर आधी दंतवैद्याला दाखवा.