जुनी मोठी बाइक घेताय? मल्टिमीटर सोबत न्या

सहाशे ते हजार सीसीची जुनी बाइक टेस्ट राइडला झकास पळते, पण रोज ऑफिसला न्यायला लागलात की ट्रॅफिकमध्ये बॅटरी बसते. नवी बॅटरी टाकूनही तेच. दोष बहुधा चार्जिंगचा असतो. तो सौद्याआधीच मल्टिमीटरनं, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरनं, पकडता येतो.

१. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. थंड, बंद बाइकच्या बॅटरीवर १२.६च्या आसपास हवेत.

२. इंजिन चांगलं तापू द्या (थंड इंजिनवर कधीकधी सगळं ठीक दिसतं), हेडलाइट लावा आणि ५००० आरपीएमवर पुन्हा बघा. १३.८ ते १४.५ उत्तम. १३च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाहीये. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) गेला.

३. आता स्टेटरकडून (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) येणाऱ्या तीन वायरींचा कपलर, म्हणजे प्लास्टिकचा जोड, शोधा. वायरी बऱ्याचदा पिवळ्या असतात. खरी गोम इथंच: प्लास्टिक तपकिरी पडलेलं, पिना काळ्या, किंवा कपलर काढून टेप गुंडाळलेली. ढिल्या पिनेमुळे तिथं उष्णता वाढते आणि कपलर वितळतो.

४. इंजिन बंद करून कपलर सोडा, मीटर एसीवर घ्या, इंजिन चालू करून स्टेटरच्या बाजूच्या वायरी दोन-दोन करून मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा पडला तर स्टेटर जळालाय. तो बदलायला इंजिनचं कव्हर उघडावं लागतं, तेव्हा भाव त्याच हिशेबानं पाडा.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल मात्र कधीही काढू नका, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) उडू शकतो. मेकॅनिक म्हणाला तरी नाही.